रोजची गाडी, रविवारची गाडी

"गाडी मनात भरली आहे, पैशांचीही सोय झाली आहे. पण ती घेऊन रोज ऑफिसला जाता येईल का? की ती रविवारपुरती ठेवायची आणि रोजच्यासाठी एखादी साधी छोटी गाडी वेगळी घ्यायची?" अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतली मंडळी हा प्रश्न हल्ली पुष्कळदा विचारतात. पूर्वी तो उद्योगपतींचा किंवा सिनेमावाल्यांचा होता. आता वीस लाखांच्या आत दीडशे हॉर्सपॉवरची गाडी मिळते, त्यामुळे नोकरदार माणसालाही तो पडतो.

गाडी किती वेगवान आहे यावर उत्तर फारसं ठरत नाही. तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर, जुलैमधलं पाणी आणि सोसायटीतली पार्किंगची जागा यांवर मात्र ते ठरतं. म्हणून एकेक मुद्दा नीट समजून घेऊ.

1. स्पोर्ट्स कार म्हणायचं कशाला?

नुसता वेग ही काही स्पोर्ट्स कारची खूण नाही. पहिली खूण म्हणजे वजनाच्या मानाने ताकद. साध्या छोट्या गाडीचं इंजिन साधारण 80 हॉर्सपॉवरचं आणि वजन 900 किलोच्या आसपास असतं, म्हणजे टनामागे 90 हॉर्सपॉवर. सचिन तेंडुलकरची फेरारी आठवा. ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाटने दिलेली ही 360 मोडेना 2002 साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला मिळाली. तिची ताकद 400 हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे 1.4 टन, म्हणजे टनामागे 285. छोट्या गाडीच्या तिपटीहून अधिक. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून पुढे मोठा वाद झाला आणि सुमारे 1.13 कोटी रुपयांचं ते शुल्क शेवटी फियाटनेच भरलं. परदेशी गाडी फुकट मिळाली तरी फुकट पडत नाही, हे त्या वेळी घरोघरी कळलं. 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

दुसरी खूण डोळ्यांना लगेच दिसते. गाडी जमिनीलगत असते. कोणतीही गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. तिच्या वजनाचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, जितका खाली तितकी ती कमी कलते आणि चारही टायर रस्ता धरून राहतात. त्यासाठी गाडी बसकी ठेवतात, स्प्रिंगा कडक लावतात, टायर रुंद आणि चपटे घालतात. रेसच्या ट्रॅकवर हे सगळे गुण. आपल्याकडच्या एलबीएस मार्गावर त्यांतला प्रत्येक गुण आडवा येतो.

साधी छोटी गाडी आणि फेरारी या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याच भागात घडलेलं आहे. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची दोन सीटची चिमुकली गाडी निघाली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने उघड्या टपाची रोडस्टर बांधली. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली. 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून 145 हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो बाहेर पडली. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी 150 हॉर्सपॉवरची आहे आणि रिकामी असताना तिचं पोट जमिनीपासून 179 मिलिमीटरवर असतं. काटेकोर अर्थाने ही शेवटची गाडी स्पोर्ट्स कार नव्हे. आपल्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र या जातीच्या गाड्यांत आहे, त्याकडे पुढे येऊच.

2. स्पीडब्रेकरचं गणित

गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातल्या मोकळ्या अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. छोट्या हॅचबॅकला ते साधारण 16 ते 17 सेंटिमीटर असतं, खऱ्या स्पोर्ट्स कारला 11 ते 13. हिशेबाला 12 धरू.

आता स्पीडब्रेकर कसा असावा हेही ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे हलकी गोलाई असलेला. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी अशी ती रचना आहे.

पोर्शे 911 च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर असतं. ही गाडी असा नियमातला स्पीडब्रेकर ओलांडताना बरोबर माथ्यावर आली, तर चारही चाकं अजून उंचवट्यावरच असतात, कारण उंचवटा गाडीच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद आहे. चाकं स्वतःच साडेपाच सेंटिमीटर वर उचललेली असतात. माथा त्यांच्यापेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर उंच भरतो. बारातून साडेचार वजा केले, तरी साडेसात उरले. गाडी कुठेही न घासता निघून जाते.

त्याच गाडीसमोर आता आतल्या गल्लीतला, रहिवाशांनी एका रात्रीत डांबर ओतून केलेला स्पीडब्रेकर ठेवा. उंची 15 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दोन फूट. पुढची चाकं तो ओलांडून सपाट रस्त्यावर उतरतात, मागची अजून अलीकडे सपाटीवरच असतात, आणि उंचवटा मध्ये पोटाखाली येतो. बारातून पंधरा वजा जात नाहीत. मेकॅनिक ज्याला 'चेंबर घासलं' म्हणतात ते इथे होतं. बऱ्याचदा त्याच्याही आधी, चाक उंचवट्याला टेकण्यापूर्वीच, पुढच्या बंपरची खालची कड त्यावर आपटते.

म्हणजे दोष गाडीच्या बुटकेपणात जितका आहे, त्याहून अधिक बेकायदा स्पीडब्रेकरमध्ये आहे. हे मी ठासून सांगतो, कारण त्याच उंचवट्यावर रिक्षातल्या गरोदर बाईला आणि रुग्णवाहिकेतल्या पेशंटला बसणारा धक्का याच अरुंदपणामुळे बसतो.

अनुभवी चालक असा स्पीडब्रेकर तिरका ओलांडतात. आधी पुढचं डावं चाक वर चढतं, मग उजवं, मग मागची एकेक. दर क्षणी एखादं चाक उंचवट्यावर असल्यामुळे गाडीचा तेवढा कोपरा उचललेला राहतो आणि पोट सुटतं. पण त्यासाठी रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. संध्याकाळी सात वाजता घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला ती कोण देणार? काही महागड्या गाड्यांत बटण दाबलं की नाक चार-एक सेंटिमीटर वर उचलण्याची सोय असते. रोज चालवायची तर ही सोय शोभेची नाही, गरजेची आहे.

3. खड्डा आणि टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूला 235/40 आर 19 असं काहीतरी लिहिलेलं असतं. 235 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. 40 म्हणजे रुंदीच्या 40 टक्के, ही टायरच्या भिंतीची उंची. म्हणजे 94 मिलिमीटर. 19 हा रिमचा इंचांतला व्यास. साध्या हॅचबॅकचा 165/80 आर 14 घ्या: 165 चे 80 टक्के म्हणजे 132 मिलिमीटर.

खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं की रबर आणि त्यातली हवा दबून धक्का गिळतात. गिळायला 132 मिलिमीटर असले तर बहुधा निभावतं. 94 असले तर धक्का रिमपर्यंत पोहोचतो, रिम वाकते किंवा टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. शिवाय पुष्कळ स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनीच नसते.

4. ट्रॅफिकमध्ये तापतं ते काय?

लोकांना वाटतं, एवढं मोठं इंजिन ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल. आजच्या गाड्यांत इंजिन सहसा सांभाळून घेतं, पंखे आणि पाणी पुरेसे असतात. खरा ताण क्लचवर येतो.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांना जोडणाऱ्या, एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या तबकड्या. गाडी हलवताना त्या क्षणभर घासतात आणि मग घट्ट बसतात. घासणं म्हणजे उष्णता. अनेक वेगवान गाड्यांत दोन क्लच असलेला गिअरबॉक्स असतो. तव्यावर एक पोळी भाजली जात असताना पोळपाटावर दुसरी लाटून तयार असावी, तसं त्याचं काम चालतं: एका क्लचवर दुसरा गिअर चालू असताना दुसऱ्या क्लचवर तिसरा लागून तयार असतो. त्यामुळे गिअर पापणी लवते न लवते तोच बदलतो.

पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईजवळ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, तेव्हा तिसऱ्या गिअरची पाळीच येत नाही. पहिला लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. दर वेळी तबकड्या घासतात. तेलात बुडालेला, म्हणजे ओला क्लच असेल तर तेल उष्णता वाहून नेतं. कोरडा असेल तर ती तिथेच साठते. टॉर्क कन्व्हर्टर या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये जोडणी तेलाच्या प्रवाहातून होते, तिथे घासणं हा प्रकारच वेगळा. रोज मुलुंड ते अंधेरी करणाऱ्याने शोरूममध्ये पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नव्हे, गिअरबॉक्सच्या जातीचा विचारावा. आणि दोन क्लचवाली गाडी घेतलीच, तर पुढे दहा फूट जागा होईपर्यंत थांबून मग एकदाच सरकावं, इंचाइंचाने सरकू नये.

5. तीन चमचे पाणी

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो दिवस अपवादाचा. पण अंधेरीचा सबवे, मिलन सबवे, कुर्ल्यातला एलबीएस मार्ग हे दर पावसाळ्यात तुंबतात.

इंजिनात पाणी गेल्यावर नेमकं काय होतं? दीड लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा 375 मिलिलिटर. पिस्टन वर येताना आतली हवा दाबून दहाव्या हिश्शात आणतो, असं धरू. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना डोक्यावर मोकळी जागा उरते सुमारे 42 मिलिलिटर, तीन मोठे चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. तेवढ्याहून जास्त पाणी आत शिरलं की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही, आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन लॉक होतं.

बसक्या गाडीत हवा आत घेण्याचं तोंडही सहसा खाली असतं, म्हणून ती आधी बळी पडते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारणं ही सगळ्यांत महागडी चूक, मग गाडी कुठलीही असो. साध्या विम्यात अशा वेळी इंजिनाचं नुकसान बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे कलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. उपनगरात राहणाऱ्याने त्यात काटकसर करू नये.

6. उभी गाडीही खराब होते

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग ती रविवारीच काढू आणि रोजच्याला दुसरी गाडी घेऊ. पण उभ्या गाडीचंही एक गणित आहे.

बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, किल्लीची वाट पाहणारं कुलूप हे सगळं थोडी थोडी वीज खात असतं. समजा ती 30 मिलिॲम्पिअर आहे. दिवसाला 0.72 ॲम्पिअर-तास झाले. बॅटरी 60 ॲम्पिअर-तासांची असेल तर सहा आठवड्यांत ती निम्मी रिकामी होते, आणि जुनी असेल तर त्याआधीच सेल मारायला नकार देते. उपाय म्हणून हळू चार्ज करणारा चार्जर मिळतो. पण तो लावायचा कुठे? पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या सामाईक मीटरवर असतो. चार्जरची वायर मीटर बॉक्समधून निघालेली दिसली की पुढच्या सभेत तो विषय निघणार हे नक्की.

पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या कातडी सीटवर बुरशी धरते, ब्रेकच्या तबकड्या गंजतात आणि बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर वायरी कुरतडतात. टायर झिजले नाहीत तरी म्हातारे होतात. त्यांच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. जागेवर इंजिन सुरू ठेवून भागत नाही. त्याने टायर फिरत नाहीत, ब्रेक घासत नाहीत आणि तेलातली ओल पुरती उडत नाही.

7. जागा कोणाची?

उपनगरात दुसऱ्या गाडीचा प्रश्न पैशांच्या आधी जागेशी अडतो. यावरचा देशभर गाजलेला खटला बोरिवलीच्या शेजारचाच आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीत इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग कोणाचं, बिल्डरचं की सोसायटीचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 31 ऑगस्ट 2010 ला निकाल लागला: स्टिल्ट किंवा उघड्या पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, ती सामाईक आहे. रेराखालच्या नव्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंगची किंमत घेता येते, उघड्या जागेची नाही.

जागा सामाईक, म्हणजे वाटप सोसायटी करणार. आदर्श उपविधींनुसार एका सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते. सगळ्यांना देऊन उरली तरच दुसरी, तीही वर्षावर्षापुरती. पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या कोणी पहिली गाडी घेतली की तुमची दुसरी रस्त्यावर. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, एक फ्लॅट असलेल्याला पुरेशी जागा नसताना चार-पाच गाड्या बाळगू देऊ नयेत, असं मत नोंदवलं होतं. मला ते पटतं. आपली हौसेची गाडी सोसायटीत आणि रोजची फुटपाथला चिकटवून ठेवणं म्हणजे आपला खर्च शेजाऱ्यांच्या पायाखाली टाकणं आहे.

8. वर्षाचा हिशेब

आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. घाटकोपर ते अंधेरी येऊन-जाऊन 25 किलोमीटर, वर्षाला 240 दिवस, म्हणजे 6,000 किलोमीटर. पेट्रोल 105 रुपये.

स्पोर्ट्स कार ट्रॅफिकमध्ये लिटरला 6 किलोमीटर ॲव्हरेज देते असं धरलं, तर पेट्रोल 1,05,000 रुपये. छोटी गाडी 15 देते, 42,000 रुपये. फरक 63,000. एकीचे टायर 1.6 लाखांचे आणि 20,000 किलोमीटर टिकणारे, दुसरीचे 20,000 रुपयांचे आणि 40,000 किलोमीटरचे. वर्षाला 48,000 विरुद्ध 3,000, फरक 45,000. सर्व्हिसिंगचा जादा खर्च 20,000. स्पोर्ट्स कार रोज पळवण्याची किंमत झाली 1,28,000.

आता दुसरी गाडी. ऑन-रोड सात लाखांना घेतली, सात वर्षांनी 2.45 लाखांना गेली, म्हणजे वर्षाला 65,000 ची घट. विमा आणि पीयूसी 15,000, सर्व्हिसिंग 10,000. झाले 90,000. सोसायटीने हजार रुपये महिन्याने जागा दिली तर 1,02,000. बाहेर चार हजारांनी घ्यावी लागली तर 1,38,000. एका बाजूला 1,28,000, दुसऱ्या बाजूला पार्किंगनुसार त्याहून कमी किंवा जास्त. आणि सोसायटीत जागा मिळून 26,000 वाचले, तरी अडकलेल्या पैशांचं व्याज धरलं की तेही जवळजवळ पुसले जातात.

पहिल्या गाडीचे स्थिर खर्च दोन्ही वेळा तेवढेच राहतात हेही ध्यानात घ्यावं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर घेतली किंवा आयात केली तर 20. साठ लाखांच्या गाडीवर हे 7.8 लाख आणि 12 लाख होतात. ती गाडी आठवड्यातून एकदा काढा की रोज, त्यातला रुपया परत येत नाही.

या हिशेबात एक गाडी मात्र राहूनच जाते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 2014 च्या जूनपासून धावते आहे, 11.4 किलोमीटर, साधारण वीस मिनिटं. सगळ्यांत लांबच्या टप्प्याचं तिकीट 40 रुपये धरलं आणि दोन्ही वेळा रिक्षाचे किमान 26 रुपये जोडले, तरी वर्षाचे सुमारे 32,000 होतात. छोट्या गाडीचं नुसतं पेट्रोल याहून जास्त. बोरिवलीहून अंधेरीला 2ए आणि 7 या मार्गिका आहेत. मुलुंडकरांना मेट्रो 4 होईपर्यंत लोकल आणि घाटकोपरची बदली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑफिस मेट्रोच्या वाटेवर असेल तर हौसेची एकच गाडी ठेवावी, ती दर आठवड्याला मनसोक्त चालवावी आणि रोजचा प्रवास रुळांवर सोपवावा. रोज चारचाकी लागतेच असं काम असेल, तर व्हर्टस जीटीच्या जातीची, पोट उंच आणि पाय चपळ असलेली एकच गाडी घ्यावी. दुसरी गाडी रास्त ठरते ती मुख्यतः घरात दोघांच्या वाटा वेगळ्या असताना, किंवा गुडघे दुखणारे आईवडील असताना. बसक्या सीटवरून उठणं त्यांना खरंच जमत नाही.

कुठलीही गाडी पक्की करण्यापूर्वी ट्रायल शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता घरी मागवावी. संध्याकाळी सात वाजता, घरातली सगळी माणसं बसवून. चौघांच्या वजनाने गाडी आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते, आणि खरा क्लिअरन्स तेव्हाच कळतो. आपल्या सोसायटीच्या रॅम्पवरून ती खाली न्यावी, आपल्याच जागेत लावावी, आणि शेजारची गाडी उभी असताना दार किती उघडतं ते पाहावं. स्पोर्ट्स कारची दोनच दारं असली तर ती लांबलचक असतात. वॉचमनला खाली वाकून बघायला सांगावं, पुढची कड कुठे टेकते का. वाटेतला स्पीडब्रेकर टेपने मोजावा, आणि तो दोन फूट रुंदीचा निघाला तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला मापासकट अर्ज करावा, गाडी घेतली नाही तरीही.